रायफलची पुंगळी पुन्हा भरायची, तर आधी बूड पाहा

भारतात काडतुसं आणि त्यांचे सुटे भाग शस्त्र कायद्याखाली येतात. परवान्यात रीलोडिंगची, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं पितळी कवच (पुंगळी) पुन्हा भरण्याची, मुभा असेल तरच पुढचं वाचून उपयोग. रेंजवर ज्यांची .२२ आहे, त्यांचा तर प्रश्नच येत नाही: त्या पुंगळीचं प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारा भाग, बुडाच्या कडेतच दाबलेलं असतं, ती पुन्हा भरता येत नाही.

पुंगळी निवडताना हात चकाकीकडे जातो, पण टिकाऊपणा बुडात, म्हणजे प्रायमर बसतं त्या टोकात, असतो. लांबी वाढली तर कापता येते, मान (गोळी धरणारा तोंडाकडचा अरुंद भाग) कडक झाली तर तापवून मऊ करता येते. बूड एकदा सैल पडलं की इलाज नाही.

पहिली चाळणी सोपी. चुंबक लावा, चिकटला तर वरून पितळेचा मुलामा आणि आत पोलाद आहे, बाजूला टाका. मग तोंडातून टॉर्च मारून आत बघा. मधोमध एकच भोक असेल तर ती बॉक्सर पद्धतीची पुंगळी, घ्या. दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन पद्धतीची, सोडा. त्याचं जुनं प्रायमर साध्या पिनेने निघत नाही. नाटो दर्जाच्या लष्करी पुंगळ्यांच्या बुडावर बहुधा वर्तुळातला क्रॉस असतो. त्यांची भिंत बहुतेक वेळा जाड, म्हणून आत जागा कमी. स्पोर्टिंग पुंगळीत चालणारं दारूचं माप त्यात घातलं तर दाब वाढतो. या दोन्ही एका डब्यात ठेवूच नका.

वापरलेल्या पुंगळीत खरा धोका बुडाच्या वर साधारण १ सेंमीवर असतो. तिथे चकचकीत कडं दिसलं तर सावध व्हा. डायमधून (पुंगळी आवळून मापात आणणारा साचा) काढल्यावरही तसं कडं उमटतं, त्यामुळे नुसत्या डोळ्यावर विसंबू नका. यू-पिन सरळ करा, टोक ३ मिमी काटकोनात वाकवा, कानशीने धार द्या. ते आत बुडापर्यंत घालून भिंतीला टेकवत वर ओढा. गुळगुळीत आलं तर ठीक. खाचेत अडकलं तर भिंत आतून पातळ झालीय आणि पुढच्या बाराला बूड तुटून उरलेली पुंगळी रायफलच्या चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागी) राहू शकते. पक्कडीने चेपून बाद करा, म्हणजे चुकून परत डब्यात जाणार नाही.

हे होतं बहुतेकदा आपल्याच हाताने. साइझिंग करताना, म्हणजे पुंगळी डायमध्ये आवळताना, खांदा (मानेखालचा उतार) गरजेपेक्षा मागे ढकलला की प्रत्येक बाराला पितळ ताणलं जातं. बोल्ट रायफलला (दर बारानंतर हाताने बोल्ट ओढावी लागते ती) खांदा ०.०२५ ते ०.०५ मिमी मागे गेला तरी पुरतं.

नवीन प्रायमर बसवताना हाताला विरोध जाणवला पाहिजे. अंगठ्याने सहज आत गेलं तर खळगा सैल झालाय. कारण बहुधा जास्त दाब. एकाच लॉटच्या अनेक पुंगळ्यांत असं दिसलं तर दोष बहुधा पुंगळीचा नाही, भरण्याच्या मापाचा.

मानेला चीर का जाते, हे नाशिकच्या भांडी बाजारातला तांबट न विचारता सांगेल. ठोकून कडक झालेलं भांडं तो मध्ये मध्ये तापवतो, नाहीतर तडकतं. काडतुसाचं पितळ ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. ते प्रत्येक बाराला फुगतं, डायमध्ये आवळलं जातं आणि कडक होतं. तापवायची ती फक्त मान आणि खांदा, काही सेकंद. अंधारात मान जेमतेम लालसर झाली की थांबा. बूड तापून मऊ झालं तर पुंगळी बाद. कोऱ्या पुंगळीच्या मानेवरचा निळसर-तपकिरी पट्टा याच तापवण्याचा. तो डाग नाही.

बजेट असेल तर लापुआ किंवा नॉर्मा कंपनीच्या एकाच लॉटच्या ५० कोऱ्या पुंगळ्या घ्या. .३०८ कॅलिबरच्या पुंगळीची लांबी ५१.१८ मिमीच्या वर गेली की ५०.९३ वर कापा. डब्यावर किती वेळा भरल्या ते लिहा.

साठवण मात्र नाशिककरांनी नीट ऐकावी. ब्रिटिशांच्या काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळेतला ताण मिळून हे होतं, हा उलगडा १९२१ मध्ये झाला. द्राक्षबागेच्या शेडमध्ये, ओलसर युरियाच्या गोण्यांशेजारी किंवा गोठ्यालगत पुंगळ्या ठेवल्या तर तीच गत. अमोनियाचं पॉलिशही नको. चिंचेने धुवायच्या तर मिनिटभरच, मग भरपूर पाणी आणि कडक ऊन. रात्रभर भिजत ठेवल्या तर जस्त निघून जातं आणि पितळ गुलाबी पडतं.