डोंगरपठारावरील खेळण्यांच्या प्रस्तावाला हरकत कशी नोंदवावी

नाशिकजवळच्या अंजनेरी, ब्रह्मगिरी किंवा रामशेजसारख्या डोंगरावर झोके, घसरगुंड्या किंवा झिपलाइन बसवण्याचा प्रस्ताव आला की विरोधकांकडून बहुधा ‘निसर्ग वाचवा’ अशा मथळ्याचे, भरपूर सह्यांचे निवेदन दिले जाते. त्याची बातमी होते, पण अधिकाऱ्याला त्यावर कोणताही निर्णय द्यावा लागत नाही. हरकत टिकते ती जमिनीच्या नोंदीवर, म्हणून सुरुवात सातबाऱ्यापासून करावी.

प्रस्तावित जागेचा गट नंबर मिळवून सातबारा काढावा, आणि जमीन वनाची असल्यास वनपरिक्षेत्र कार्यालयातून कक्ष क्रमांकही, म्हणजे वनविभागाने आखलेल्या त्या वनखंडाचा क्रमांक, घ्यावा. वनजमिनीचा वनेतर वापर करण्यासाठी १९८० च्या वन संरक्षण कायद्याच्या कलम २ नुसार केंद्र शासनाची पूर्वपरवानगी लागते. मात्र २०२३ च्या दुरुस्तीने येथे एक पळवाट तयार झाली आहे: वनविभागाच्या मंजूर कार्य आयोजनेत (त्या वनाच्या व्यवस्थापनाच्या आराखड्यात) समाविष्ट असलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सुविधा वनेतर वापर मानल्या जात नाहीत. त्यामुळे ‘ही निसर्ग पर्यटनाची सुविधा आहे’ असे उत्तर मिळाले, तर ती आयोजनेच्या नेमक्या कोणत्या पानावर आहे, हे विचारावे. जमीन खासगी असेल, तर अकृषिक वापराची नोंद आणि डोंगराच्या उताराची मोजणी या दोन गोष्टी तपासाव्यात.

ही कागदपत्रे तोंडी मागून मिळत नाहीत. माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार १० रुपये शुल्कासह अर्ज करून मंजुरीचा आदेश, अंदाजपत्रक, स्थळदर्शक नकाशा आणि कार्य आयोजनेचे संबंधित पान मागावे. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. अर्जात ‘का’ असे प्रश्न घालू नयेत, कारण कायद्याने दस्तऐवज मिळतो, स्पष्टीकरण नव्हे.

उत्तराची वाट पाहत असताना जागेचा पुरावा जमवावा आणि तो शक्यतो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जमवावा. बेसाल्टच्या कातळावर मातीचा थर अत्यंत पातळ असतो आणि पावसाळ्यात त्यावर उथळ डबकी व रानफुले येतात; मार्चमध्ये काढलेल्या छायाचित्रात तीच जागा नुसती ओसाड दिसते, आणि मग ‘तिथे आहेच काय’ या युक्तिवादाला आयते बळ मिळते. घसरगुंडी स्वतः फारशी जागा व्यापत नाही. नुकसान होते ते तिच्या काँक्रीटच्या पायाने, सामान वर नेण्यासाठी काढलेल्या रस्त्याने आणि वाढलेल्या वर्दळीने, म्हणून छायाचित्रे या तिन्ही ठिकाणांची, तारखेसह व अक्षांश-रेखांशासह घ्यावीत. अंजनेरीवर सेरोपेजिया अंजनेरिका ही त्या डोंगराचेच नाव मिळालेली दुर्मीळ कंदीलपुष्पाची जात आढळते आणि तेथील कड्यांवर गिधाडे घरटी करतात. अशा वनस्पतींचे व घरट्यांचे नेमके ठिकाण फक्त वनविभागाच्या प्रतीत द्यावे. समाजमाध्यमांवर टाकल्यास आपणच तेथे गर्दी बोलावतो.

हरकतीचा मजकूर दोन पानांपेक्षा मोठा नसावा आणि प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा असावा. उदाहरणार्थ: ‘गट क्रमांक अमुक ही जमीन सातबाऱ्यानुसार वन आहे. तेथे काँक्रीटचा पाया घेण्यासाठी केंद्र शासनाची पूर्वपरवानगी घेतल्याचा आदेश उपलब्ध करून दिलेला नाही. तो सादर होईपर्यंत काम थांबवावे आणि घेतलेला निर्णय मला लेखी कळवावा.’ जागा संवर्धन राखीव क्षेत्रात (वन्यजीव कायद्याखाली शासनाने संरक्षणासाठी घोषित केलेल्या क्षेत्रात) असेल, तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६ब नुसार असलेल्या व्यवस्थापन समितीचा सल्ला घेतला होता का, हेही विचारावे. या समितीवर संबंधित ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. अंजनेरीला हा दर्जा २०१७ मध्ये मिळालेला आहे. अर्ज उपवनसंरक्षकांना द्यावा, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवावी, आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.

ग्रामसभेचा ठराव हा या साऱ्यातला सर्वांत वजनदार कागद ठरू शकतो. त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, पेठ, सुरगाणा या तालुक्यांतील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, तेथे पेसा कायद्याने, म्हणजे आदिवासी बहुल अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या कायद्याने, ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत. शिवाय वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ५ नुसार ग्रामसभा वन, वन्यजीव आणि जैवविविधतेच्या रक्षणासाठी निर्णय घेऊ शकते. परंतु नाशिक शहरातून गेलेल्या मंडळींनी तयार ठराव गावापुढे ठेवू नये. पर्यटकांवर चहा-भज्यांची टपरी चालवणाऱ्याला हा विरोध आपल्या पोटावर आलेला वाटतो, आणि त्याची शंका अगदीच गैर नसते. ठरावातच पर्यायी जागा सुचवावी: पायथ्याच्या शाळेचे मैदान, गावठाणातील मोकळी जागा किंवा वाहनतळाची कड. तेथे खेळणी गावातल्या मुलांना रोज वापरता येतील आणि पर्यटकही गावातच थांबतील.

प्रशासनाने दाद न दिल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पश्चिम खंडपीठाकडे जाता येते. वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, त्यामुळे जेसीबी डोंगरावर पहिल्यांदा दिसल्याची तारीख लिहून ठेवावी. न्यायाधिकरणाच्या अखत्यारीतील कायद्यांच्या यादीत वन संरक्षण आणि जैवविविधता हे कायदे आहेत, वन्यजीव संरक्षण कायदा नाही. म्हणून तेथील अर्जाचा पाया वनजमिनीच्या परवानगीवरच रचावा आणि वन्यजीव कायद्याच्या भंगाचा मुद्दा उच्च न्यायालयासाठी राखून ठेवावा.