एलएलव्हीएममधून फक्त क्लँग बिल्ड करताना कुठे अडतं

एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पातला क्लँग हा सी/सी++ कंपायलर सोर्समधून बांधताना (बिल्ड करताना) काही फसलं, तर बिल्डची कामं चालवणाऱ्या निंजा या टूलची शेवटची ओळ म्हणजे 'बिल्ड स्टॉप्ड, सबकमांड फेल्ड'. बहुतेक जण तेवढीच कॉपी करून मदत मागतात, आणि तिच्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. एक काम फसलं की निंजा नवं काम हाती घेत नाही, पण चालू असलेली कामं पूर्ण होऊ देतो, आणि त्यांच्या ओळी खाली साचत जातात. त्यामुळे खरी एरर वर सरकलेली असते. आउटपुट फाइलमध्ये वळवा आणि 'फेल्ड' या शब्दाने सुरू होणारी पहिली ओळ शोधा. तिच्याखाली फसलेली अख्खी कमांड असते, आणि कमांडच्या खाली कंपायलर किंवा लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारं टूल) काय म्हणाला ते.

तिथे 'किल्ड' किंवा 'सिग्नल 9' (प्रोसेस जबरदस्तीने मारणारा सिग्नल) दिसलं, तर सोर्स कोड उघडायच्या भानगडीत पडू नका. बहुतेक वेळा मेमरी संपली म्हणून लिनक्स कर्नलने ती प्रोसेस मारलेली असते. 'डीमेसेज' ही कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड चालवून 'आउट ऑफ मेमरी' शोधा. कोणती प्रोसेस गेली तेही तिथेच दिसतं. कंटेनरमध्ये बिल्ड करत असाल तर एक्झिट कोड 137 येऊ शकतो, म्हणजे 128 अधिक सिग्नल 9.

बिल्ड 90 टक्क्यांच्या पुढे जाऊन मरतो, यामागेही हेच कारण. काही सांगितलं नाही तर निंजा एका वेळी कोअरच्या संख्येपेक्षा दोन जास्त कामं चालवतो. 8 कोअर असतील तर 10. एवढ्या फाइली एका वेळी कंपाइल करायला मेमरी सहसा पुरते. शेवटी शेवटी मात्र लिंकिंगची कामं एकदम रांगेत येतात. डीबग बिल्डमध्ये (चुका शोधायला लागणारी माहिती सोबत ठेवणाऱ्या बिल्डमध्ये) प्रत्येक एक्झिक्युटेबलमध्ये एलएलव्हीएमच्या लायब्ररी आणि त्यांची डीबग माहिती कोंबली जाते, त्यामुळे एकेक लिंक कित्येक जीबी खाते. अशा चार-पाच लिंक एकत्र सुरू झाल्या की 16 जीबीचं मशीन कोलमडतं.

यावर सगळीकडे 'डॅश जे 1 लावा', म्हणजे एका वेळी एकच काम चालवा, असं सांगितलं जातं. त्याने बिल्ड होतो, पण हजारो फाइली एकामागून एक कंपाइल होत बसतात. लगाम फक्त लिंकिंगला घालायचा असतो. एलएलव्हीएम_पॅरलल_लिंक_जॉब्ज हा सीमेकचा (निंजासाठी बिल्डची मांडणी तयार करणाऱ्या टूलचा) पर्याय 1 किंवा 2 ठेवा, कंपाइलिंग पूर्ण वेगाने चालू द्या. हा पर्याय फक्त निंजासोबत चालतो. निंजाऐवजी मेक हे टूल वापरत असाल तर त्याचा उपयोग नाही.

मुळात डीबग बिल्ड हवाय का, हेही बघा. क्लँग नुसता वापरायचा असेल तर सीमेक_बिल्ड_टाइप रिलीज ठेवा, आणि तपासण्या हव्या असतील तर असर्शन्स वेगळे चालू करा. एलएलव्हीएम_टार्गेट्स_टू_बिल्डमध्ये फक्त स्वतःच्या प्रोसेसरचं आर्किटेक्चर द्या, नाहीतर लागणार नाहीत असे डझनभर बॅकएंड (इतर प्रोसेसरसाठी कोड तयार करणारे भाग) बांधले जातात. मशीनवर एलएलडी हा एलएलव्हीएमचा लिंकर आधीच असेल तर एलएलव्हीएम_यूज_लिंकरमध्ये तोच द्या. जुन्या लिंकरपेक्षा तो बराच वेगवान आहे. डीबगच लागणार असेल तर स्प्लिट ड्वार्फ (डीबग माहिती वेगळ्या फाइलींत ठेवणारा पर्याय) आणि ऑप्टिमाइझ्ड टेबलजेन दोन्ही चालू करा. टेबलजेन हे बिल्डदरम्यान कोड तयार करणारं टूल आहे; तो स्वतःच डीबगमध्ये बांधला गेला की त्याने कोड तयार करायची पायरी रेंगाळते. रिलीज आणि डीबगला वेगवेगळे फोल्डर ठेवा, कारण त्याच फोल्डरमध्ये प्रकार बदलला की सगळं पुन्हा कंपाइल होतं. फक्त लिंक जॉब्जचा आकडा बदलला तर मात्र काहीही पुसायची गरज नाही. निंजा थांबला होता तिथून पुढे जातो.

'सिग्नल 7' किंवा 'बस एरर' आली तर आधी डिस्क तपासा. लिंकर आउटपुट फाइल मेमरीत मॅप करून लिहितो. लिहिता लिहिता जागा संपली की 'डिस्क फुल' असा सरळ निरोप न येता बस एरर येऊ शकते. बिल्ड फोल्डरची डिस्क बघा, टेंप फोल्डरचीही बघा.

सीमेकच्याच पायरीवर अडलं तर कारणं ठरलेली. सोर्स म्हणून रेपोचं मूळ फोल्डर दिलं की 'सीमेकलिस्ट्स नाही' अशी तक्रार येते. द्यायचं असतं ते आतलं एलएलव्हीएम फोल्डर. त्याच फोल्डरमध्ये उभं राहून सीमेक चालवला तर तो नकार देतो, पण जाता जाता सीमेककॅश फाइल आणि सीमेकफाइल्स फोल्डर मागे टाकतो. ते हाताने पुसल्याशिवाय पुढचा प्रयत्नही बिघडतो. एनेबल_प्रोजेक्ट्समध्ये क्लँग आणि एलएलडी यांच्यामध्ये अर्धविराम असतो, म्हणून ती यादी अवतरणचिन्हांत टाका. नाहीतर शेल अर्धविरामाशी कमांड तोडतो आणि 'एलएलडी' ही वेगळी कमांड समजून चालवायला जातो. लिबसीएक्सएक्स (एलएलव्हीएमची सी++ लायब्ररी) या यादीत टाकू नका, तिची जागा एनेबल_रनटाइम्समध्ये आहे.

कंपायलर बदलूनही सीमेक जुनाच धरून बसला असेल, तर दोष कॅशचा. कोणता कंपायलर वापरायचा ते सांगणारे सीसी आणि सीएक्सएक्स हे व्हेरिएबल तो फक्त पहिल्या वेळी वाचतो. बिल्ड फोल्डर रिकामं करा, किंवा सीमेक 3.24 किंवा त्यापुढचा असेल तर 'डॅश डॅश फ्रेश' द्या.

बिल्ड नीट झाला, पण स्वतःचा प्रोग्रॅम त्याला जोडताना 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू टाइपइन्फो' आलं, तर लायब्ररी मोडलेली नाही. एलएलव्हीएम मुळात आरटीटीआय (प्रोग्रॅम चालू असताना ऑब्जेक्टचा प्रकार ओळखायची सी++ मधली सोय) बंद ठेवून बांधला जातो आणि तुमचा प्रोग्रॅम ते चालू ठेवून. आपला कोड 'एफ-नो-आरटीटीआय'ने कंपाइल करा. तुमच्या कोडला ते लागतच असेल तर एलएलव्हीएम_एनेबल_आरटीटीआय चालू करून एलएलव्हीएम पुन्हा बांधावा लागेल.

उरला 'इंटर्नल कंपायलर एरर'. काहीही न बदलता निंजा पुन्हा चालवा. त्याच फाइलच्या त्याच ओळीवर पुन्हा पडला तर कंपायलरचा बग. कंपायलरची दुसरी आवृत्ती लावून बघा. दर वेळी वेगळ्याच फाइलवर पडत असेल, तर कोड सोडा आणि रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेवा. तासभर सगळे कोअर राबवणारा बिल्ड खराब रॅम किंवा तापलेला प्रोसेसर बरोबर उघडा पाडतो.