नाशिकहून मुंबई बंदराच्या फेरीला निघण्याआधी

सगळ्यात आधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत जायच्या दिवसाची तिथी बघा. मुहूर्तासाठी नव्हे, भरती-ओहोटीसाठी. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. अष्टमीची सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला भरती आणि भर दुपारी बाराला पाणी पार खाली. आपल्याला पाणी चढलेलं कळतं ते पावसाळ्यात, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं त्यावरून. मुंबईचा समुद्र रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. ओहोटीला गेटवेच्या खालच्या पायऱ्या शेवाळासकट उघड्या पडतात, लाँच खोल गेलेली असते, आणि बरेचदा एका बोटीवरून दुसऱ्या बोटीत पाय टाकून आपल्या बोटीपर्यंत पोचावं लागतं. सोबत गुडघेदुखीवाली आजी असेल, तर चढण्या-उतरण्याच्या दोन्ही वेळा पाणी बऱ्यापैकी वर असेल असा दिवस निवडा. एवढ्या एका गोष्टीने सहल सुखाची होते.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी यांतलाच धरा. पावसाळ्यात गेटवेहून अलिबागजवळच्या मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद असतात आणि घारापुरीच्या, म्हणजे एलिफंटाच्या, फेऱ्या हवेवर अवलंबून राहतात. वारही बघून ठेवा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. आणि शनिवार-रविवारी गेटवेवर जी रांग लागते तिच्यात लहान मुलं उन्हात कंटाळून जातात, म्हणून शक्य असेल तर मधल्या वारी एक रजा टाका.

आता फेरी कुठली, हे घरीच ठरवा. गेटवेवर पोचल्यावर चार जण चार दिशांनी हाका मारतात आणि घाईत भलतंच तिकीट घेतलं जातं. एक असते बंदरातली छोटी चक्कर, अर्ध्या-पाऊण तासाची. दुसरी घारापुरीची, जाताना साधारण तास आणि येताना तास. तिसरी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी मोठी रो-रो बोट. ती मार्च २०२० मध्ये सुरू झाली, तिच्यात गाडीही चढते, आणि आकाराने मोठी असल्यामुळे हलते कमी. माझं मत विचाराल, तर एका दिवसात नाशिकला परतायचं असेल आणि बरोबर म्हातारी माणसं असतील तर छोटी चक्कर घ्या, उरलेला वेळ फोर्टमध्ये आणि वस्तुसंग्रहालयात घालवा. घारापुरीला धक्क्यापासून लेण्यांपर्यंत शंभराहून जास्त पायऱ्या आहेत. घाईघाईत त्या चढून, त्रिमूर्तीसमोर पाच मिनिटं उभं राहून, घड्याळाकडे बघत उतरायचं असेल तर न गेलेलं बरं. घारापुरी करायचीच असेल तर आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करा आणि सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक पकडा. सकाळी समुद्र शांत असतो. दुपारनंतर वारा सुटतो आणि बोट हलायला लागते.

जायला पंचवटी एक्सप्रेस सोयीची. नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमाराला निघते आणि अकराच्या आत मुंबईत सोडते. आरक्षण आधी करा, आणि घाईत पासधारकांच्या डब्यात चढू नका. रोज नोकरीला जाणाऱ्यांची ती जागा आहे. स्वतःची गाडी असेल तर इगतपुरीहून आमणेपर्यंतचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून खुला आहे, कसारा घाट टळतो. पण दक्षिण मुंबईत गाडी लावायला जागा शोधण्यात बोटीची वेळ निघून जाते. मी रेल्वेच्याच बाजूने आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून गेटवे अडीच-तीन किलोमीटर, टॅक्सी किंवा बेस्टची बस. गेटवेवर आत जाताना पिशव्या तपासतात, त्यासाठी थोडा वेळ हाताशी ठेवा.

आता ज्या तयारीबद्दल कुणी सांगत नाही, ती. बंदराची चक्कर बघता बघता संपते. बोटीवर माहिती सांगणारा असेलच असं नाही, असला तरी इंजिनाच्या आवाजात अर्धं ऐकू येत नाही. काय कुठे दिसणार हे आधी माहीत नसेल तर उरतात नुसत्या इमारती आणि लांबवरची जहाजं. म्हणून जायच्या आधीच्या रविवारी मुलांना घेऊन पांडवलेणीला जा. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई ऋषभदत्त, शिलालेखातला उषवदात, याचा लेख कोरलेला आहे. त्यात त्याने केलेल्या दानांची यादी आहे, आणि त्या यादीत इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर लोकांसाठी फुकट नावा चालवल्याचं लिहिलं आहे. यातली दमण म्हणजे दमणगंगा, ती आपल्याच जिल्ह्यात उगम पावून समुद्राला मिळते. त्याच लेखात शोर्पारग, म्हणजे सोपारा बंदराचंही नाव येतं. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकच्या डोंगरात कुणीतरी होड्यांची आणि बंदराची नोंद करून ठेवली, हे मुलांना त्या दगडासमोर उभं करून सांगा. मग मुंबईला जाणं त्यांना वेगळं वाटेल.

रात्री जेवणं झाली की एका कागदावर बंदराचं साधं चित्र काढून घ्या. मधोमध गेटवे. १९२४ साली पुरा झाला, वास्तुविशारद जॉर्ज विटेट. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून बाहेर पडली. शेजारी ताजमहाल हॉटेल, १९०३ चं, म्हणजे गेटवेहून वीस वर्षांनी मोठं. बोटीतून मागे वळून पाहिलं की दोन्ही एकत्र दिसतात; फोटो तिथूनच घ्या, धक्क्यावरून नको. गेटवेच्या उत्तरेला नौदलाची गोदी. इथेच वाडिया घराण्यातल्या पारशी कारागिरांनी सागवानी जहाजं बांधली. १८१७ साली इथे बांधलेलं त्रिंकोमाली इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. त्याच्या पुढे बॅलार्ड पिअर, आणि मग एकामागून एक गोद्या: १९१४ चा अलेक्झांड्रा, ज्याला आता इंदिरा डॉक म्हणतात, मग व्हिक्टोरिया १८८८ चा, आणि प्रिन्सेस डॉक १८८० चा. व्हिक्टोरिया डॉकमध्ये १४ एप्रिल १९४४ ला फोर्ट स्टिकिन या जहाजाचा स्फोट झाला. त्यात कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, आणि दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्या आठवणीसाठी. मुलांच्या शाळेत त्या आठवड्यात प्रात्यक्षिकं होतात, पण कारण फार थोड्यांना ठाऊक असतं. चित्रात तिथे एक खूण करा.

हा सगळा पूर्व किनारा शंभर वर्षांहून जास्त काळ मुंबईकरांना भिंतीआडच होता. कंटेनरचा धंदा खाडीपलीकडे न्हावा-शेव्याला गेला, जुन्या दोन गोद्या बुजवल्या गेल्या, आणि आता त्याच किनाऱ्यावर क्रूझ जहाजांसाठी आणि प्रवाशांसाठी टर्मिनलं उभी राहिली आहेत. धक्के लोकांसाठी उघडायला लागले ही मला मनापासून आनंदाची गोष्ट वाटते. शहराने आपल्या बंदराकडे पाठ करून बसू नये. घारापुरीच्या वाटेवर न्हावा-शेव्याच्या उंच क्रेन दिसतात, त्या मुलांना मुद्दाम दाखवा. दिंडोरी-पिंपळगावची द्राक्षं थंड कंटेनरांत भरून तिथूनच युरोपला निघतात. ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना कागदावरचं बंदराचं नाव माहीत असतं, बंदर पाहिलेलं नसतं.

दक्षिणेकडे, हवा स्वच्छ असेल तर आणि मांडव्याच्या बाजूला गेलात तर, थळच्या समोर खांदेरीचं बेट शोधा. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इथे किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांच्या आणि सिद्दीच्या आरमाराचा विरोध झेलत, मुंबईच्या तोंडावर, भर समुद्रात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यांत खांदेरी आहे, आणि आपल्या बागलाणातला साल्हेरही आहे. साल्हेर चढलेल्या माणसाने खांदेरी लांबून तरी बघावा.

आता सुरक्षेचं, आणि इथे मी अजिबात सूट देणार नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगाने येणारी बोट धडकली आणि माणसं गेली. तेव्हापासून लाइफ जॅकेटबद्दल कडक बोललं जातं, पण उन्हात घाम येतो म्हणून लोक ते काढून बाकाखाली सरकवतात. तुम्ही काढू नका. बसल्याबरोबर अंगात घाला, पुढचे सगळे पट्टे आवळा, लहान मुलाला त्याच्या मापाचं मागा. मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या अंगावर पाण्यात वर सरकतं आणि मूल त्यातून निसटतं. मापाचं नसेल तर ती बोट सोडा, पुढची घ्या. बोटीवर किती प्रवाशांची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचा; डोळ्यांना गर्दी जास्त वाटली तर चढू नका. पैसे गेले तरी चालतील. घरात पाण्याला घाबरणारं कुणी असेल तर आधी गंगापूर धरणावरच्या बोट क्लबात एक फेरी मारून बघा. तिथे समुद्राच्या लाटा नसतात, पण जॅकेट घालून हलत्या बोटीत बसायची सवय होते आणि कोण किती घाबरतं तेही कळतं.

पोटाची तयारी त्या मानाने सोपी. ज्यांना कसारा घाटात मळमळतं त्यांना बोटीतही मळमळण्याची शक्यता धरा. त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी बोटीत बसण्याआधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. त्या सकाळी मिसळ नको, कितीही मोह झाला तरी. रिकामं पोटही नको. दशमी, शेंगदाण्याची चटणी, एखादं केळं पुरे. आलेपाकाच्या वड्या आणि दोन-तीन रिकाम्या पिशव्या हाताशी. वरच्या मजल्यावर बसायचे थोडे जास्त पैसे घेतात आणि तिथून दिसतं छान, पण हलतंही जास्त. मळमळणाऱ्याने खाली, बोटीच्या मध्यावर, तोंड पुढे करून बसावं आणि नजर क्षितिजावर ठेवावी. मोबाइल खिशात.

कपड्यांचं गणित नाशिककरांना फसवतं. डिसेंबरच्या पहाटे नाशिकरोडच्या फलाटावर दात वाजतात आणि दुपारी गेटवेवर घामाच्या धारा लागतात. जाड एकच स्वेटर घेण्यापेक्षा दोन पातळ थर घाला, म्हणजे एक काढून पिशवीत टाकता येतो. टोपीला दोरी हवी, नाहीतर ती पहिल्या वाऱ्याला पाण्यात जाते. साडी नेसणाऱ्यांनी पदर खोचून घ्यावा. एका बोटीतून दुसऱ्या बोटीत जाताना तोच अडकतो. पायात मागे पट्टा असलेल्या रबरी तळव्याच्या चपला, टाचेच्या नकोत. पाण्याच्या बाटल्या घरून भरून. दुर्बीण असेल तर घ्या. नौदलाच्या जहाजांचे आणि गोदीचे फोटो काढू नका, ड्रोनचा तर विचारही नको.

नाशिकचा चिवडा न्या, पण घारापुरीला पिशवीच्या आत, चेन लावून. तिथली माकडं हातातली पिशवी ओढतात. आणि बोटीमागे हिवाळ्यात जे पांढरे कुरव पक्षी येतात, त्यांना चिवडा, गाठी, वेफर काहीही टाकू नका. ते लांबून, डोंगर ओलांडून इथे हिवाळा काढायला आलेले असतात. तेलकट-खारट खाणं त्यांचं नाही, आणि रिकामी पुडी वाऱ्याने पाण्यातच जाते. मुलं हट्ट करतील, आजूबाजूचे सगळे टाकत असतील, तरी नाही म्हणा. त्यांच्या हातात दुर्बीण द्या आणि कुठल्या कुरवाचं डोकं तपकिरी आहे ते शोधायला सांगा. हिवाळ्यात तो रंग जाऊन कानामागे नुसता ठिपका उरतो, त्यामुळे शोधण्यात बराच वेळ जातो.

परतीची पंचवटी संध्याकाळी सहानंतर आहे. नेमकी वेळ आदल्या दिवशी तपासून सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवा. पाचपर्यंत गेटवे सोडायचं, हे सकाळीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. त्यासाठी बोटीतून उतरायची वेळ चारच्या पुढे जाऊ देऊ नका. उतरायला रांग लागते. पैसे रोख थोडे जवळ असू द्या, सुटे. आधार कार्ड सोबत ठेवा. घारापुरीला पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट नाही, पण वय विचारलं तर दाखवायला काहीतरी लागतं. आणि नाशिकरोडला रात्री उतरल्यावर घरापर्यंत रिक्षा कोण ठरवणार, की स्टेशनवर गाडी लावून जायचं, तेही निघायच्या आधीच बोलून ठेवा.