कंडरा दुखावलेला घोडा खोलीत सांभाळताना

पुढच्या पायाच्या नळीमागची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरीसारखी शीर) दुखावली, की डॉक्टर सोनोग्राफी करतात आणि घोडा काही आठवडे खोलीत ठेवायला सांगतात. माथेरानचा पर्यटकांचा घोडा असो, वरातीचा असो की शर्यतीचा, मालकाचं सगळं लक्ष मग त्या पायावर लागतं. पण खोलीत बंद असलेला घोडा बहुधा तीन ठिकाणी दगा देतो: पोटात, दुसऱ्या चांगल्या पायात आणि बाहेर काढायच्या घाईत.

आधी जागा. मध्यम चणीच्या घोड्याला १२ बाय १२ फुटांची खोली लागते, लहान तट्टाला १० बाय १० चालते. अगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून-मागून दोऱ्यांनी बांधून, ठाणावर उभं ठेवू नका. घोडा उभ्याने डुलक्या काढतो, तरी गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. ती झोप बरेच दिवस मिळाली नाही, तर तो उभ्या उभ्या झोपेत कोसळतो आणि दुखऱ्या पायावरच आदळू शकतो. फरशीवर रबरी मॅट आणि वर निदान सहा इंच रंध्याचा भुसा घाला. कडबा किंवा गव्हाचं काड अंथरलं तर कंटाळलेला घोडा तेच खात बसतो आणि पोट बांधतं. वाळूवर चारा टाकला तर चाऱ्याबरोबर वाळू पोटात जाऊन साठते. ओला भुसा सकाळ-संध्याकाळ काढा. घोडा जिथे आडवा होतो तिथे, गुडघ्यावर बसून वास घ्या. डोळे चुरचुरले तर त्याच्या फुप्फुसांनाही ते सोसत नाही.

पावसाळ्यात माशांचा बंदोबस्त हा उपचाराचाच भाग समजा. माशी बसली की घोडा पाय आपटतो, आणि दिवसभर तो दुखरा पाय आपटत राहिला तर विश्रांती कसली? खिडकीला जाळी, वायर तोंडाला लागणार नाही असा पंखा आणि लीद खोलीपासून लांब, एवढं केलं तरी फरक पडतो. ओला पाला जाळून धूर करू नका, कोंदट खोलीत त्याला खोकला लागतो.

चारा, चंदी आणि लीद

काम थांबलं त्याच दिवशी चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, निम्मी करा आणि आठवडाभरात मूठभरावर आणा. हरभरा आणि ओट पूर्वीइतकेच चालू ठेवले तर ती ताकद भिंतींवर आणि घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दारावर निघते. शिवाय भरपूर दाण्यावर विश्रांती घेतलेल्या घोड्याला एकदम काम दिलं, तर मागच्या पुठ्ठ्यांचे स्नायू दगडासारखे आखडतात आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते.

चारा मात्र कमी करायचा नाही. वाळलेलं गवत रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के लागतं, म्हणजे ३५० किलोच्या घोड्याला साधारण सव्वापाच ते सात किलो. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, खात असो वा नसो. पाच-सहा तासांहून जास्त पोट रिकामं राहिलं तर व्रण होण्याचा धोका वाढतो, आणि वेदनाशामक औषधं चालू असतील तर आणखीच. म्हणून गवताचे चार-पाच वाटे करा, शेवटचा रात्री दहाच्या सुमारास. बारीक भोकांची जाळी वापरली तर तेवढंच गवत दुप्पट वेळ पुरतं. फक्त रिकामी झाल्यावर लोंबून खूर अडकणार नाही इतक्या उंच बांधा. लसूणघास थोडाच आणि सुकवून द्या. चारा बदलायचा असेल तर सात ते दहा दिवस घ्या.

तीन गोष्टी घोड्याच्या तोंडाशी येऊ देऊ नका. बुरशी लागलेला मका मेंदूवर जातो. मुरघास गाईला मानवतो, पण त्यातल्या विषबाधेला घोडा फार लवकर बळी पडतो. आणि गाईचं किंवा कोंबडीचं तयार खाद्य: त्यात मोनेन्सिन हे जनावरांच्या खाद्यात मिसळायचं औषध असलं तर अगदी थोडक्या प्रमाणातही घोड्याचं हृदय निकामी होतं.

पाणी बादलीतच द्या, म्हणजे किती प्यायला ते कळतं. दिवसाला २५ ते ४० लिटर लागतं, उन्हाळ्यात जास्त. बाकी कुठली नोंद ठेवली नाही तरी लिदीची ठेवा. निरोगी घोडा दिवसात साधारण आठ ते बारा वेळा लीद टाकतो. आपल्या घोड्याचा आकडा पहिल्या दोन दिवसांतच लिहून घ्या. रोज एक गोळा हाताने फोडून पाहा. तो सहज फुटला आणि आत ओलसर असला तर ठीक. लहान, कडक, वरून चिकट पापुद्रा असलेले गोळे पडू लागले आणि संख्याही घटली, तर पोट बांधायला लागलं आहे. कुशीकडे वळून बघणं, खुराने जमीन उकरणं, वरचा ओठ उलटा करणं, खाणं सोडणं हा पोटशूळ. चारा काढून घ्या, डॉक्टरांना बोलवा आणि ते येईपर्यंत जबड्याखालची नाडी मोजून ठेवा. शांत घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते. ६० च्या वर गेली तर एक मिनिटही दवडू नका. अशा वेळी तासन्‌तास चालवण्याचा जुना उपाय दुखऱ्या पायाच्या घोड्यावर करू नये.

दुसरा पाय

सगळा भार चांगल्या पायावर आला की त्या खुराच्या आत दाह होतो. तो वाढला तर मूळ दुखापतीपेक्षा महागात पडतो. म्हणून रोज दोन्ही खुरांवर तळहात ठेवून ऊब ताडून बघा आणि खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे दोन्ही बाजूंना नाडी चाचपा. एरवी जेमतेम लागणारी ही नाडी ठसठशीत लागली, किंवा घोडा चांगलाच पाय सारखा उचलून बदलू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

पट्टी दोन्ही पुढच्या पायांना बांधा. आधी कापसाची जाड गादी, मग पट्टी. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढला पाहिजे आणि ताण वरपासून खालपर्यंत सारखा हवा. वरच्या कडेतून एक बोट सहज आत गेलं पाहिजे. गादीशिवाय नुसती क्रेप पट्टी आवळली तर ती कंडरेतच रुतते. २४ तासांनी सोडा, कातडी तपासा, पुन्हा बांधा. काम बंद आहे म्हणून नालबंदाला टाळू नका: टापेचं टोक वाढलं की मागच्या कंडरांवर ओढ येते. खूर रोज साफ करा, पण चांगला पाय उचलताना दुखऱ्यावर भार येतो, तेव्हा थोडं थोडं करून आटपा.

एकटा पडलेला घोडा खोलीत गोल फिरतो किंवा दारात डोलत राहतो, आणि प्रत्येक फेरी पायावर पडते. समोर दुसरा घोडा दिसेल असं बघा. तो नसेल तर सोबतीला बोकड चालतो. खरारा रोज एकाच वेळी अर्धा तास करा. तरीही शांत होत नसेल तर गुंगीचं औषध डॉक्टरांकडूनच.

बाहेर काढताना

सूज आणि ऊब काही आठवड्यांत जाते, घोडा सरळ पावलं टाकतो, आणि इथेच बहुतेक पाय पुन्हा जातात. आतले नवे धागे तेव्हा अस्ताव्यस्त असतात. बेताबेताने भार देतच ते ओळीत येतात. पूर्ण काम करायला नऊ ते बारा महिने लागतात.

डॉक्टरांनी परवानगी दिली की पाच-पाच मिनिटं दोनदा, कडक आणि सपाट जमिनीवर हाताने चालवा. पाय ठीक राहिला तर दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. नुसत्या मोरकीवर (तोंडाभोवतीच्या दोरीवर) भागणार नाही, लगाम घाला. हातमोजे आणि दहा-बारा फुटांची दोरी हवी, दोरी हाताला गुंडाळायची नाही. वळणं मोठी घ्या. निसरड्या डांबरावर आणि चिखलात नेऊ नका. चालवण्याआधी आणि दुसऱ्या सकाळी कंडरा त्याच हाताने दाबून बघा. ऊब किंवा दुखरेपणा वाढला असेल तर एक टप्पा मागे या.

मोकळं सोडायचं ते नवी सोनोग्राफी झाल्यावरच, तेही आधी २० बाय २० फुटांच्या कुंपणात. त्या दिवसाचं चालणं उरकलेलं, घोडा थोडा भुकेला, आत गवत टाकलेलं आणि कुंपणापलीकडे एक शांत घोडा, अशी तयारी ठेवा. जोरात वारा सुटला असेल तर तो दिवस सोडून द्या. चंदी मात्र काम वाढल्यावरच वाढवायची.