कुत्र्याचा कान पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर

कुत्रा सारखी मान झटकू लागतो, मागच्या पायाने कान खाजवतो, कानातून आंबूस वास येतो आणि पाळी उलटून पाहिली तर आत तपकिरी मळ साचलेला दिसतो. पशुवैद्यांनी दिलेल्या थेंबांनी आठवडाभरात सगळे शांत होते आणि दोन-तीन महिन्यांनी तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. वर्षातून दोनदा-तीनदा असे होत असेल, तर कानातला संसर्ग हा बहुधा परिणाम असतो आणि त्यामागचे मूळ कारण तसेच राहिलेले असते. म्हणून प्रत्येक वेळी दोन कामे करावी लागतात: आत्ताचा संसर्ग पूर्ण बरा करणे आणि तो का झाला याचा शोध घेणे. पहिले काम जवळजवळ सगळेच करतात, दुसरे मात्र कान बरा दिसू लागताच मागे पडते.

कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आतल्या बाजूला वळते. या वळणापलीकडे कानाचा पडदा असतो, त्यामुळे बाहेरून डोकावून तो दिसत नाही. निरोगी कानात मळ हळूहळू आपोआप बाहेर सरकतो. नळीच्या त्वचेला सूज आली की मार्ग अरुंद होतो, ओल आणि उष्णता आत कोंडते, मळ वाढतो, आणि निरोगी त्वचेवरही थोड्या प्रमाणात राहणारे मॅलॅसेझिया नावाचे यीस्ट (एक प्रकारची बुरशी) किंवा स्टॅफिलोकोकस जातीचे जीवाणू भराभर वाढू लागतात. थेंबांनी त्यांची संख्या आटोक्यात येते, पण सूज आणणारे कारण कायम असेल तर काही आठवड्यांत त्यांना पुन्हा अनुकूल जागा मिळते. दर वेळी सुजलेली नळी हळूहळू जाड होत जाते आणि पुढचा संसर्ग बरा करणे अधिक कठीण होते. म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच कारणाचा पाठपुरावा करावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

कान पुन्हा बिघडला की कपाटातली मागच्या वेळची बाटली काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. मागच्या वेळी यीस्ट असेल आणि या वेळी जीवाणू असतील, तर जुने औषध पुरेसे पडेलच असे नाही. शिवाय पडदा फाटलेला असेल, तर काही थेंब आणि काही सफाईची द्रावणे आतल्या कानाला इजा करून ऐकण्याची शक्ती कमी करू शकतात. पशुवैद्यांकडे जाण्याआधी दोन-तीन दिवस कान धुऊ नये, कारण तपासणीसाठी आतला मळ जसाच्या तसा हवा असतो. हा मळ काचपट्टीवर घेऊन, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर यीस्ट आहे, गोल जीवाणू आहेत की दांड्याच्या आकाराचे, हे काही मिनिटांत समजते. ही तपासणी होत नसेल तर ती करण्याची विनंती नम्रपणे पण स्पष्टपणे करावी. दांड्याच्या आकाराचे जीवाणू दिसले किंवा योग्य उपचार करूनही कान बरा झाला नाही, तर कल्चर चाचणीची, म्हणजे मळातले जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर कोणते औषध चालते हे पाहण्याची, गरज पडू शकते, कारण स्यूडोमोनाससारखे जीवाणू अनेक अँटिबायोटिकांना दाद देत नाहीत.

घरी कान साफ करण्याची पद्धत पशुवैद्यांकडून एकदा प्रत्यक्ष पाहून घ्यावी. पाळी हलकेच वर धरून त्यांनी सांगितलेले द्रावण नळी भरेल इतके घालावे, बाटलीचे टोक कानाला लागू देऊ नये, आणि मग कानाच्या बुडाशी असलेला, बोटांना नळीसारखा लागणारा भाग अर्धा-एक मिनिट चोळावा. आत चुबुक-चुबुक असा आवाज आला म्हणजे द्रावण खोलवर पोहोचले. त्यानंतर कुत्र्याला मनसोक्त मान झटकू द्यावी आणि बाहेर आलेला मळ कापसाने टिपून घ्यावा. बोट जाईल तिथपर्यंतच कापूस न्यावा. कापसाच्या काड्या मुळीच वापरू नयेत, कारण त्या मळ आणखी आत ढकलतात. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, व्हिनेगर आणि कोणतेही तेल यांपासूनही दूर राहावे, कारण सुजलेल्या त्वचेची त्यांनी आग होते आणि एकदा दुखावलेला कुत्रा पुढे कानाला हातच लावू देत नाही. कान फार दुखत असेल, तर पहिले काही दिवस सफाई थांबवून सूज आणि वेदना उतरवण्याचे औषध आधी द्यायचे का, हे पशुवैद्यांना विचारावे. औषधाचे थेंब सफाईनंतर लगेच न घालता कान थोडा कोरडा झाल्यावर घालावेत. केसाळ नळी असलेल्या जातींमध्येही निरोगी कानातले केस सरसकट उपटू नयेत, कारण उपटण्यानेच त्वचा सुजू शकते.

वास गेला आणि खाज थांबली की उपचार संपला, असे वाटणे साहजिक आहे. पण नळीच्या खोल भागात संसर्ग शिल्लक असू शकतो, म्हणून ठरलेली मुदत पूर्ण करावी आणि शेवटी पुन्हा मळाची तपासणी करून घ्यावी. वारंवार उलटणाऱ्या दुखण्यात फेरतपासणीची ही भेट पहिल्या भेटीइतकीच महत्त्वाची असते.

आता कारणांकडे वळू. कानातले सूक्ष्म कीटक, विशेषतः पिल्लांमध्ये, किंवा आत शिरलेले गवताचे कुसळ ही कारणे तपासणीत लवकर सापडतात. कुसळामुळे त्रास बहुधा एकाच कानात आणि अचानक सुरू होतो. मोठ्या वयाच्या कुत्र्यात थायरॉइडची कमतरता किंवा नळीतली गाठही तपासावी लागते. लोंबते कान आणि वारंवार पोहणे यांनी धोका वाढतो, पण ती सहसा एकटी कारणे नसतात. वारंवार उलटणाऱ्या दुखण्यामागे सर्वाधिक वेळा ॲलर्जी असते. कुत्रा पंजे चाटतो का, पोट, काखा किंवा तोंडाभोवतीची त्वचा लाल होते का, त्रास ठरावीक ऋतूत वाढतो का, याची तारखेसह नोंद ठेवली तर पशुवैद्यांना दिशा मिळते. ऋतूनुसार होणारा त्रास परागकण किंवा बुरशीसारख्या हवेतल्या घटकांकडे बोट दाखवतो, तर वर्षभर सारखाच राहणारा त्रास अन्नाकडे किंवा घरातल्या धुळीतल्या किड्यांकडे.

अन्नाची ॲलर्जी ओळखण्यासाठी रक्तचाचणी भरवशाची नाही. त्यासाठी आहार-चाचणीच करावी लागते: निदान 8 आठवडे फक्त असा आहार द्यायचा, ज्यातली प्रथिने त्या कुत्र्याने पूर्वी कधी खाल्लेली नाहीत किंवा ज्यांचे प्रक्रियेने अतिसूक्ष्म तुकडे केलेले आहेत. या काळात चवीच्या गोळ्या, चघळायच्या वस्तू, पाहुण्यांनी दिलेला घास, यांतले काहीही चालत नाही. घरातल्या प्रत्येकाला हे पटवून द्यावे लागते आणि सगळ्यांत अवघड भाग तोच असतो. कान सुधारला तरी निदान पूर्ण होत नाही. जुने अन्न पुन्हा दिल्यावर साधारण दोन आठवड्यांत त्रास परतला, तरच अन्न हे कारण ठरते. हवेतल्या घटकांची ॲलर्जी असेल तर ती कायमची बरी होत नाही, पण ॲलर्जी आटोक्यात ठेवणारी औषधे, ठरावीक अंतराने सफाई आणि काही कुत्र्यांत आठवड्यातून दोनदा स्टिरॉइडयुक्त थेंब, अशी योजना पशुवैद्यांसोबत आखून कान वर्षानुवर्षे चांगला ठेवता येतो.

मान एका बाजूला कलणे, तोल जाणे, डोळ्यांची बुबुळे सतत हलणे, चेहऱ्याची एक बाजू लोंबणे किंवा तोंड उघडताना दुखणे ही लक्षणे संसर्ग मधल्या वा आतल्या कानापर्यंत गेल्याची असू शकतात. त्यात एक दिवसही वाट पाहू नये. पाळी अचानक फुगून मऊ लागली, तर जोरात मान झटकल्याने आत रक्त साचलेले असते आणि तेही त्वरित दाखवावे. नळी दगडासारखी कडक होऊन पूर्ण बंद झाली असेल, तर औषध आत पोहोचतच नाही आणि नळी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाते. तिच्यानंतर त्या कानाने ऐकू येणे बरेच कमी होते, शस्त्रक्रियेचे काही धोकेही असतात आणि ते आधी नीट समजून घ्यावेत. मात्र अशा कुत्र्यांना तोवर बहुधा फारसे ऐकू येत नसते, आणि जुनी वेदना गेल्यावर त्यांच्यापैकी अनेक जण पुन्हा खेळू लागतात.