ग्रेट सॅन्ड ड्यून्सची तयारी: आधी तारीख, मग वेळ, मग बॅग

अमेरिकेत कोलोरॅडो राज्याच्या दक्षिण भागात, सॅन लुईस खोऱ्याच्या पूर्व कडेला सांग्रे दे क्रिस्टो डोंगररांगेच्या पायथ्याशी ग्रेट सॅन्ड ड्यून्स नॅशनल पार्क आहे. उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत उंच वाळूच्या टेकड्या इथेच आहेत. त्यातली स्टार ड्यून पायथ्यापासून सुमारे २२५ मीटर उंच. तयारीला लागताना पहिल्यांदा महिना ठरवा, कारण बाकीची सगळी यादी त्यावरून बदलते.

मुलं बरोबर असतील आणि मेडानो ओढा पाहायचा असेल, तर मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा धरा. हा ओढा डोंगरावरच्या बर्फाच्या पाण्यावर चालतो. साधारण एप्रिलच्या शेवटी तो टेकड्यांच्या पायथ्याशी पोचतो आणि उन्हाळा सरत आला की वाळूत जिरून जातो. बर्फ कमी पडलं असेल तर पाणीही कमी आणि मुक्कामही थोडा, म्हणून निघण्यापूर्वी पार्कच्या संकेतस्थळावर ओढ्याची ताजी स्थिती बघाच. इथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे: ओढ्याच्या तळाशी वाळूचे छोटे बांध तयार होतात, त्यांच्यामागे पाणी साठतं, बांध फुटला की लाट येते. पाणी भरपूर असलं तर थोड्या थोड्या वेळाने अशी लाट येतच राहते. पाणी बहुधा घोट्याएवढंच, पण बर्फाचं असल्याने गार. मुलांसाठी कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि टॉवेल गाडीत ठेवा. याच आठवड्यांच्या शनिवार-रविवारी प्रवेशद्वारावर गाड्यांची लांब रांग लागते, त्यामुळे मधला वार निवडा, नाहीतर अगदी सकाळी पोचा. जूनच्या मध्यानंतर डास वाढतात, तेव्हा डासांचं मलम हवं.

आता ऊन. हवा गार वाटते म्हणून इथे हमखास फसगत होते. पार्कच्या मुख्य भागाची उंची सुमारे २,५०० मीटर असल्याने भर उन्हाळ्यातही दुपारची हवा सुखद असते, पण वाळूचा पृष्ठभाग ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो. सकाळी अनवाणी निघालेल्या माणसाला अकरानंतर परतताना तळव्यांना फोड येतात, आणि टेकडीच्या मधोमध पळून जायला सावलीच नसते. म्हणून चढाई सकाळी दहाच्या आत उरकावी किंवा संध्याकाळी उन्हं कलल्यावर सुरू करावी. चप्पल-सँडल नको, कारण तापलेली वाळू पावलावर वरून पडते. बंद बूट आणि जाड मोजे घाला. ओढा ओलांडताना बूट हातात धरा, पलीकडे पाय पुसून पुन्हा चढवा, नाहीतर ओल्या मोज्यात वाळू अडकून कातडी सोलवटते. कुत्रा बरोबर असेल तर त्याच्या पंजांनाही हेच लागू.

पाणी दर माणशी किमान दोन लिटर, तेही पायथ्याशी भरून घ्या, वर काही मिळत नाही. सखल भागातून थेट आलेल्यांना पहिल्या दिवशी डोकं दुखतं, धाप लागते. त्यामुळे जमल्यास आदल्या रात्री खोऱ्यातच अलामोसाला मुक्काम करा आणि पेट्रोलही तिथेच भरून घ्या, पार्कमध्ये पंप नाही. प्रवेश शुल्क गाडीमागे २५ डॉलर, सात दिवस चालतं.

टेकड्यांवर आखलेली पायवाट नाही. समोर दिसणाऱ्या पहिल्या उंच धारेपर्यंत, म्हणजे हाय ड्यूनपर्यंत, जाऊन-येऊन चारेक किलोमीटर होतात आणि दोन-अडीच तास सहज लागतात, कारण पाऊल टाकलं की अर्धं मागे घसरतं. उतारावर सरळ चढू नका. धारेधारेने, नागमोडी चढा, तिथे वाऱ्याने दाबलेली वाळू घट्ट असते. आडोशाच्या बाजूचा तीव्र उतार भुसभुशीत असतो, तो उतरायला ठेवा. या टेकड्या एवढ्या उंच होतात त्याचं कारणही वाऱ्यात आहे: नेहमीचा वारा नैऋत्येकडून वाळू आणतो, वादळाचा वारा ईशान्येच्या खिंडींतून ती परत ढकलतो, आणि या रेट्यात टेकडी पसरण्याऐवजी वर चढते. वसंतात हा वारा दुपारी फार त्रास देतो. बाजूंनी बंद असलेला गॉगल, नाका-तोंडावर बांधायला रुमाल आणि कॅमेरा-फोनसाठी झिपची पिशवी घ्या. वाळू उडत असताना लेन्स बदलू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजांचे ढग येतात. उघड्या धारेवर सर्वांत उंच वस्तू तुम्हीच असता. गडगडाट ऐकू आला की थांबून अंदाज घेत बसू नका, लगेच खाली उतरून गाडीत जा.

घसरगुंडीसाठी बर्फावरची साधी स्लेज किंवा पुठ्ठा आणू नका, कोरड्या वाळूवर ते हलत नाहीत. वाळूसाठी बनवलेले गुळगुळीत तळाचे बोर्ड लागतात. ते पार्कबाहेर भाड्याने मिळतात, आत नाही. प्रत्येक फेरीआधी तळाला मेण लावा आणि उताराच्या पायथ्याशी माणसं वा झुडपं नाहीत हे पाहून मगच सोडा.

रात्री थांबणार असाल तर उन्हाळ्यातही जाड जॅकेट घ्या. पिन्यॉन फ्लॅट्स कॅम्पग्राउंड एप्रिल ते ऑक्टोबर चालू असतं, पण जागा आधीच आरक्षित करावी लागते. टेकड्यांमध्ये तंबू ठोकायला वेगळा परवाना लागतो आणि तिथे शेकोटी चालत नाही. तारे पाहायचे तर अमावास्येच्या आसपासची तारीख आणि लाल प्रकाशाचा टॉर्च. चांदण्या रात्री उलट टॉर्चशिवायही टेकड्या चढता येतात.

मेडानो खिंडीचा कच्चा रस्ता फक्त जमिनीपासून तळ उंच असलेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांसाठी आहे. साधी गाडी ‘पॉइंट ऑफ नो रिटर्न’ या पार्किंगच्या पुढे नेऊ नका, भुसभुशीत वाळूत चाकं रुततात. योग्य गाडी असली तरी आत शिरण्याआधी टायरमधली हवा २० पीएसआयच्या आसपास आणा, म्हणजे टायर पसरून वाळूवर तरतो. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरा, कमी हवेच्या टायरवर वेग घेतला तर तो तापून फुटू शकतो.