आवडत्या कॉफीचे वेष्टन बदलले, तर काय तपासावे

वर्षानुवर्षे एकाच नावाची कॉफी घेणाऱ्या माणसाला ओळखीची काचेची बरणी जाऊन तिच्या जागी चकचकीत पाकीट आलेले दिसले, की चिडचिड होते, आणि ती रास्तही आहे. मात्र ती रंगावर आणि चित्रावर खर्च करू नये. नव्या वेष्टनाच्या निमित्ताने वजन, चिकोरीचे (कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या भुकटीचे) प्रमाण किंवा कॉफीचा प्रकारही बदललेला असू शकतो. त्यामुळे जुनी बरणी रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी ती नव्या पाकिटाशेजारी ठेवून दोन्हींवरचा बारीक मजकूर वाचावा.

आधी निव्वळ वजन पाहावे. कॉफी, चहा, बिस्किटे अशा वस्तू ठरावीक वजनांतच विकण्याचे बंधन वैधमापन शास्त्राच्या, म्हणजे वजन-मापांच्या कायद्याच्या, २०११ च्या आवेष्टित (पाकीटबंद) वस्तू नियमांत होते. २०२१ च्या दुरुस्तीने ते काढून टाकले, त्यामुळे आता १०० ऐवजी ९० ग्रॅमचे पाकीट विकण्यात बेकायदेशीर काही नाही. त्याच दुरुस्तीने एकक किंमत छापण्याची अट मात्र आणली, आणि एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती प्रतिग्रॅम दिलेली असते. तुलना याच आकड्याची करावी. समजा, १०० ग्रॅमची बरणी ३०० रुपयांना मिळत होती आणि ९० ग्रॅमचे पाकीट २९० रुपयांना मिळते. वरवर दहा रुपये वाचल्यासारखे वाटते, पण प्रतिग्रॅम दर ३ रुपयांवरून ३.२२ रुपयांवर, म्हणजे सात टक्क्यांहून अधिक वाढलेला असतो. गेल्या काही वर्षांत जगभर कच्च्या कॉफीचे भाव कडाडले आहेत, हे मान्य. तरीही भाववाढ उघडपणे किमतीत दाखवावी, वजनात दडवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी आणि चवीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची नोंद चिकोरीची. कॉफी-चिकोरी मिश्रणात वजनाने किमान ५१ टक्के कॉफी असलीच पाहिजे आणि दोन्हींचे प्रमाण वेष्टनावर छापलेच पाहिजे, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. ८० टक्के कॉफीचे मिश्रण ६० टक्क्यांवर आणले, तरी ते नियमात बसते. कपात मात्र फरक ठळक जाणवतो. चिकोरीने काढा अधिक काळा आणि दाट दिसतो, पण तिच्यात कॅफीन नसते, म्हणून नुसत्या रंगावरून कॉफी कडक झाली असे समजू नये. प्रमाण खरोखरच बदललेले आढळले, तर पुढ्यात दळून देणारे दुकान गाठावे. मुंबईत माटुंग्याला अशी दुकाने आहेत, आणि तिथे चिकोरी किती घालायची हे गिऱ्हाइकाला सांगता येते. जायफळ-वेलदोड्याची दुधाळ कॉफी करणाऱ्या घरांत हा फरक कदाचित लक्षातही येणार नाही. फिल्टरवाल्यांना मात्र पहिल्याच घोटाला कळतो.

इन्स्टंट कॉफी असेल, तर बारीक भुकटीऐवजी दाणेदार कॉफी आली आहे का, तेही पाहावे. चमचा तोच असला तरी दोन्हींचे वजन सारखे भरत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा दोन्ही मोजून आपले माप नव्याने ठरवावे.

आता साठवणीचे. पाकिटातली कॉफी बरणीत ओतण्यापेक्षा ते कात्रीने सरळ कापून, वापरानंतर हवा दाबून काढून, तोंड दुमडून चिमटा लावावा आणि पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. त्यामुळे तारीख आणि बॅच क्रमांकही जवळ राहतात. जुनीच बरणी वापरायची असेल, तर ती पूर्ण कोरडी आणि मसाल्याच्या वासापासून मुक्त असावी. कोकणच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली इन्स्टंट कॉफी सादळून तिचा गोळा होतो, तेव्हा लहान पाकिटे घेणेच बरे. फ्रिज टाळावा, गार पाकीट उघडले की आत दव धरतो, आणि कॉफी इतर पदार्थांचे वासही ओढून घेते. जुन्या वेष्टनाचा साठा करून ठेवण्याचा मोहही आवरावा, कारण दळलेल्या कॉफीचा सुगंध उडत जातो.

तक्रार करायची असल्यास आधी तिचे स्वरूप ठरवावे. चव किंवा वेष्टन आवडले नाही, तर पाकिटावर छापलेल्या ग्राहक सेवा क्रमांकावर किंवा ईमेलवर कळवावे, आणि ‘पूर्वीचे बरे होते’ एवढ्यावर न थांबता जुने-नवे वजन, चिकोरीची टक्केवारी आणि बॅच क्रमांक लिहावा. छापलेल्या वजनापेक्षा आत माल बराच कमी भरला किंवा छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले, तर ते प्रकरण वैधमापन शास्त्र विभागाचे आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही दाद मागता येते. वजनाची तक्रार असेल, तर शक्यतो त्याच बॅचचे न फोडलेले पाकीट आणि बिल हाताशी ठेवावे.